लेबल धुतलेली रेकॉर्ड

आमच्या सिनेमाला बक्षीस मिळालं, ही बातमी आता न्यूयॉर्कमधल्या ट्रिमाँट अव्हेन्यूवरच्या कबुतरांनाही ठाऊक आहे, कारण मीच ती सगळ्यांना सांगत सुटले होते. शाळेत सांगितली, लाँड्रीत सांगितली, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितली. बसमध्ये एका अनोळखी बाईंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "छान झालं हं, पण माझ्या पायावरून उतर आधी." गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही माझा आवाज फुटत नसे. आता मी पडद्यावर भर मैदानात रॅप करते आणि समोर आमचं पूर्ण ब्राँक्स हात वर करून डोलतं. तेव्हा माझं तोंड जरा जास्त चालतंय, ते चालू द्या.

पण बक्षिसाचं सांगताना मी एक भाग नेहमी गाळायचे. तो माझ्या आजोबांचा भाग. आता तो सांगायला हरकत नाही.

आजोबांना आम्ही पॉप म्हणतो. नाव लेम्युएल गॅड्सडेन. जन्मभर बस डेपोत इंजिनं दुरुस्त केली. पण त्याआधी, हिपहॉपला हिपहॉप हे नावही नव्हतं तेव्हा, ते होते डीजे क्विक लेम. इमारतीमागच्या मैदानात रेकॉर्ड वाजवायची दोन टर्नटेबलं मांडायची, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढायची आणि नाचवायचं सगळ्यांना. गाण्यात एक जागा येते ना, सगळी वाद्यं गप्प होतात आणि नुसता ड्रम बोलतो? तो ब्रेक. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर उडी, तोवर पहिली मागे फिरवायची. असा इवलासा तुकडा पॉप तासभर पुरवत. ज्याच्याकडे भारी ब्रेक, त्याचं मैदान.

म्हणून ब्रेक लपवावा लागे. नवी रेकॉर्ड आणली की पॉप ती बाथटबात भिजत घालत आणि मधलं लेबल सोलून काढत. तसं तेव्हा बरेच जण करत, कारण टेबलाजवळ घुटमळणाऱ्याला गाण्याचं नाव दिसलं की पुढच्या शनिवारी तो ब्रेक दुसऱ्याच्या मैदानात वाजलाच म्हणून समजा. पण पॉप पक्के. रेकॉर्डवर मधल्या भोकाजवळ कंपनीचा बारीक नंबर कोरलेला असतो, तोही ते सुईने खरवडून टाकत.

त्यांचा वैरी म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचा क्लीओ. पॉपकडे एक असा ब्रेक होता की तो लागला की पोलीससुद्धा मान डोलवत. त्याचं नाव कळावं म्हणून क्लीओने काय काय केलं! लहान पोरं पाठवली, खिडकीला दुर्बीण लावली, शेवटी आपल्या धाकट्या बहिणीला पॉपशी गोड बोलायला पाठवलं. बहीण गोड बोलायला गेली ती परत आलीच नाही. ती माझी आजी, अर्लीन.

"माझी रेकॉर्ड पण नाही मिळाली, बहीण पण गेली," असं अंकल क्लीओ दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना म्हणत.

आजीलाही नाव कळलं नाही ते नाहीच. अगदी शेवटी हॉस्पिटलात तिने विचारलं होतं, "आता तरी सांग ना, लेम." पॉप म्हणाले, "छट्! तू क्लीओची बहीण." दोघं हसली होती. मी तिथे होते, म्हणून सांगते.

आता सिनेमा. रेनिटा आत्या, पॉपची मुलगी, शाळेत कॅमेरा शिकवते आणि सुट्टीत लोकांच्या लग्नांच्या फिती जोडते. तिने कित्येक वर्षं उराशी धरलेली एक गोष्ट होती: घुमी नात, डीजे आजोबा, आणि आजोबांच्या ब्रेकवर नातीला सापडलेला आवाज. सिनेमाचं नाव 'लॅम्पपोस्ट'. नातीच्या कामाला जी मुलगी ठरली होती ती ऐन वेळी जॉर्जियाला राहायला गेली. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"बघ, 'अजिबात नाही' हेसुद्धा कसं तालात म्हणालीस," आत्या म्हणाली, आणि मी फसले.

आजोबांचं काम अर्थात पॉपनीच केलं. मैदानातल्या प्रसंगाच्या दिवशी आत्याच्या मित्राने खांबाचं झाकण उघडल्याचं नाटक करण्यासाठी पुठ्ठ्याचं झाकण बनवून आणलं होतं. तो ते चिकटवेपर्यंत पॉपनी खिशातला पाना काढून खरंच झाकण उघडलं.

"डॅडी! अटक होईल!"

"तेव्हा नाही झाली ती आता कशाला होतेय? गुडघे बघून सोडून देतील."

मग त्यांनी ती रेकॉर्ड काढली. तीच. दोन्ही प्रती, मधोमध कोऱ्या, नुसता खरखरीत राखाडी गोल. सुई टेकली. काय सांगू तुम्हाला! ड्रम आला तो जमिनीतूनच आला. त्याच्यामागे कोणीतरी हलकेच खोकल्यासारखा आवाज, मग एक घुंगरू, मग परत ड्रम. पॉपचे हात सत्तरीचे राहिलेच नाहीत. माझ्या ओळी मी विसरले आणि भलत्याच, त्याच क्षणी सुचलेल्या ओळी माझ्या तोंडून निघाल्या. शेजारच्या मिसेस पगान भाताचं भलंमोठं पातेलं घेऊन सगळ्यांना जेवायला घालायला आल्या होत्या, त्या पातेल्यासकट डोलत होत्या. आत्या 'कट' म्हणायची विसरली. पॉपनीच शेवटी सुई उचलली आणि म्हणाले, "दमलो. कोणी बाईसाहेबांना उठवा रे."

सिनेमात तेच चित्रण आहे. पण त्यावरचा आवाज तो नाही.

कारण असं झालं. चित्रपट महोत्सवाकडे सिनेमा पाठवायचा तर त्यातल्या प्रत्येक गाण्याच्या मालकाची लेखी परवानगी लागते. त्या कामासाठी गाठलेल्या वकीलबाईंनी आत्याला विचारलं, हे गाणं कुठलं? आत्या म्हणाली, विचारून सांगते. केवढी सोपी गोष्ट!

आत्याने स्वयंपाकघरात विचारलं. पॉप मासे तळत होते.

"ब्रेक सांगत नसतात, रेनिटा."

"डॅडी, मस्करी पुरे. नाव सांगा, मी लिहून घेते."

"आज कागदावर, उद्या गावभर."

"कोणतं गाव? कोण चोरणार आता? अर्धे वर गेले, अर्धे फ्लोरिडात गेले! एक क्लीओ अंकल उरलेत, त्यांना जिना चढता येत नाही!"

"तोच चोरेल."

पॉप हसले, पण त्यांनी मासा उलटायला हवा होता तो उलटला नाही. करपला. मला तेव्हा एवढंच वाटलं की माशाचं वाटोळं झालं.

आत्या हरणारी नव्हती. तिने फोनला ते गाणं ऐकवलं. फोनने बराच विचार केला आणि सांगितलं, सापडत नाही. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या दोघातिघांना ऐकवलं. ते म्हणाले, दक्षिणेकडच्या कुठल्यातरी छोट्या कंपनीने मूठभर प्रती काढून दुकान बंद केलेलं दिसतंय, लेबल तरी दाखवा. लेबल! नंबर तरी वाचून दाखवा. नंबर! रेकॉर्ड आमच्या घरात, वाजवणारा आमच्या घरात, आणि आम्ही मात्र गावभर पत्ता विचारत हिंडतोय. काखेत कळसा तो हाच.

मुदत जवळ आली तशी आत्याची जीभ तिखट झाली. एकदा ती म्हणाली, "माझ्या आयुष्यातली एक गोष्ट, डॅडी. एक. आणि तुम्हाला अजून मैदानच जिंकायचंय." पॉप टोपी घालून खाली जाऊन बाकावर बसले. आत्याने मला खूण केली. "तू लाडकी आहेस. तू काढ."

मी तर तेव्हा हवेतच होते. मला काय, जगात कोणाकडूनही काहीही काढता येईल असं वाटत होतं. शनिवारी दुपारी पॉप मऊ फडक्याने रेकॉर्डी पुसत बसले होते. मी शेजारी फतकल मारली आणि माझा डाव टाकला.

"पॉप, आत्याला नका सांगू. वकिलाला नका सांगू. फक्त मला सांगा. कानात. मी कोणालाच सांगणार नाही, आजीची शपथ."

खरं तर शपथ घेताना मी पाठीमागे बोटावर बोट चढवलं होतं, म्हणजे शपथ लागत नाही.

पॉपनी फडकं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग, मला खरंच वाटलं नव्हतं, ते वाकले. त्यांची दाढी माझ्या कानाला टोचली. मी श्वास रोखला. त्यांनीही श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा. ओठ उघडल्याचा बारीकसा आवाज आला. मग काहीच नाही. परत श्वास. परत ओठ. काहीच नाही. नुसती गरम, रिकामी हवा.

मी मान वळवली. असा चेहरा मी आरशात पाहिला होता. बाईंनी प्रश्न विचारला आहे, सगळा वर्ग बघतोय, आणि उत्तर जिथे असायला हवं तिथे नाही.

"पॉप," मी म्हटलं, "तुम्हाला आठवत नाहीये."

त्यांनी फडक्याची नीट घडी केली.

"निळं होतं," मग म्हणाले. "लेबल निळं होतं. हट्टी, निघता निघेना. सगळं पाणी निळं झालं आणि टबाला डाग पडला. आईने चपलेने मारलं मला. तो निळा मला आत्ता दिसतोय, झकिया. त्यावर अक्षरं होती, तीही दिसतात. फक्त वाचता येत नाहीत."

"कधीपासून?"

"माहीत नाही गं. कोणी विचारत नव्हतं तोवर कळलंच नाही. मला वाटायचं, आहे आत, सुरक्षित." त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली आणि कोरा गोल अंगठ्याने चोळला. "तुझ्या आजीने विचारलं तेव्हा माहीत होतं. तेव्हा जिभेवर होतं. तिला सांगितलं असतं तर..."

तिला सांगितलं असतं तरी ती गेलीच ना, असं मी म्हणणार होते. नाही म्हटलं. निदान एकदा तरी ते नाव मोठ्याने उच्चारलं गेलं असतं, एवढं मला समजलं.

"आत्याला सांगा ना. ती ओरडणार नाही."

"ओरडली तर बरं. ओरडणार नाही, डॉक्टरकडे नेईल. हळू आवाजात बोलायला लागेल माझ्याशी." त्यांनी माझं मनगट धरलं. "आडमुठा म्हातारा चालेल मला. विसरलेला नको. आजीची शपथ घेतलीस ना? आता पाळ."

मागची बोटं मी केव्हाच सोडली होती. खाली जाऊन आत्याला म्हटलं, "नाही सांगत म्हणतात."

"वाटलंच होतं," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं.

मग तिने तेच केलं जे करता येण्यासारखं होतं. ओळखीच्या एका पोराने संगणकावर नवा ड्रम बनवून दिला. चांगला होता. उगाच नावं ठेवणार नाही, चांगला होता. पण तो खोकला नाही, ते घुंगरू नाही. आणि पॉपचे हात आपल्या जुन्या ब्रेकवर चाललेत, कानावर मात्र दुसराच पडतोय. आत्याने कापून, जोडून, माझ्या चेहऱ्यावर कॅमेरा जास्त ठेवून शक्य तेवढं जुळवलं. कोणाच्याही लक्षात येणार नाही, असं ती म्हणाली.

महोत्सव हार्लेममधल्या एका जुन्या नाट्यगृहात होता. आम्ही सगळे नटूनथटून गेलो. पॉपनी आजीच्या अंत्यविधीचा सूट घातला होता, त्याला पर्याय नव्हता, दुसरा सूट नव्हता. अंकल क्लीओंना त्यांच्या मुलाने चाकाच्या खुर्चीतून आणलं, नाकाला प्राणवायूची नळी आणि डोक्यावर मखमली टोपी.

सिनेमा सुरू झाला आणि मी स्वतःला बघून हरखून गेले, खोटं कशाला बोलू! लोक माझ्या ओळींवर ओरडत होते. मग मैदानाचा प्रसंग आला. मी पॉपकडे बघितलं. अंधारात त्यांच्या मांडीवरचे हात हलत होते, खऱ्या ब्रेकवर, जो तिथे कोणालाच ऐकू येत नव्हता. पडद्यावरचे हात आणि मांडीवरचे हात एकमेकांशी अगदी जुळत होते. फक्त आवाज दोघांचाही नव्हता.

"मी मागे पडलोय," ते माझ्या कानात म्हणाले. "बघ. हात उशिरा पोचतोय. लोकांना वाटेल, म्हातारा बेताल होता."

"कोणाला कळत नाही पॉप."

"ज्यांना कळतं त्यांना कळतं."

बक्षीस जाहीर झालं. सर्वोत्कृष्ट स्वतंत्र चित्रपट, लॅम्पपोस्ट. आत्या धावतच वर गेली, एक सँडल वाटेत राहिली. तिने सगळ्यांचे आभार मानले, मिसेस पगानच्या पातेल्याचेही. शेवटी म्हणाली, "आणि माझे वडील. ज्यांनी मला सगळं दिलं, पण सांगितलं काहीच नाही." सभागृह खदखदून हसलं. पॉपही हसले आणि टाळ्या वाजवल्या. मी बाजूला बसले होते, मला दिसलं की त्यांच्या तळव्यांचा आवाज येत नव्हता.

बाहेर पडताना दारात अंकल क्लीओंनी काठी आडवी धरली.

"लेम, कोल्ह्या! सिनेमातसुद्धा नाही वाजवलास! भलताच ड्रम टाकून दिलास!"

पॉपची मान वर झाली. "तुला कळलं?"

"मला कळणार नाही? आयुष्यभर ज्याच्यामागे जळलो तो मला ओळखू येणार नाही? हाताकडे बघत होतो मी. हात बरोबर, आवाज खोटा." अंकलना धाप लागली. मग आवाज खाली आला. "लेम, ऐक. चेष्टा नाही. डॉक्टर काय म्हणतो ते मला पोरगा सांगत नाही, म्हणजे काय ते मला कळतं. मी कोणाला सांगायला जाणार नाहीये. आता सांगून टाक बाबा."

 मला वाटलं, पॉप आता काहीतरी बोलून उडवून लावतील. पण ते म्हणाले, "रविवारी ये. चर्चनंतर. वाजवून दाखवतो. टेबलाच्या माझ्या बाजूला उभा राहा."

अंकलच्या तोंडाचा आ झाला. टेबलाच्या त्या बाजूला पॉपनी आजवर आजीलाही उभं केलं नव्हतं.

रविवारी अंकलना दोन पुतण्यांनी खुर्चीसकट जिन्यातून वर आणलं. आत्या स्वयंपाकघरात मॅकरोनीवर चीज किसत होती, अजून पॉपशी कामापुरतंच बोलत होती. बक्षिसाची बाहुली फ्रीजवर ठेवली होती. मी टर्नटेबलांच्या तारा जोडल्या. अंकल पॉपच्या बाजूने आले, इतके जवळ की नळी टेबलाला घासत होती, आणि वाकून फिरणाऱ्या रेकॉर्डच्या मधोमध बघू लागले. सवयच ती.

ड्रम आला. खोकला आला. घुंगरू आलं. अंकलनी डोळे मिटले आणि बोटांनी खुर्चीच्या चाकावर ताल धरला. किसणी थांबली. पॉपनी एकदा मागे, एकदा पुढे, बराच वेळ तो तुकडा फिरवत ठेवला. मी ओळी म्हटल्या नाहीत. तोंड बंद ठेवायला मला येतं, हे मलाच त्या दिवशी कळलं.

"हेच," अंकल म्हणाले. "हेच ते. आता नाव."

पॉपनी हात रेकॉर्डवर ठेवून ती थांबवली.

"मला माहीत नाही, क्लीओ."

"हं?"

"विसरलो. लेबल निळं होतं, एवढंच राहिलंय. बाकी गेलं. अर्लीनला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. तुला सांगायला हवं होतं. तू घे, ही एक प्रत तू घेऊन जा. पण नाव माझ्याकडे नाहीये. शप्पथ."

अंकल क्लीओ त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खोकला, आणि त्या खोकल्यातूनही हसूच.

"विसरलो म्हणे! आत्ता, या वयात, मी या नळीवर आणि हा म्हणतो विसरलो!" ते पुतण्यांकडे वळले. "बघा रे, हा माणूस. मेल्यावरसुद्धा सांगणार नाही! लेम, तू जिंकलास. जा. घे तुझं मैदान."

"क्लीओ, मी खरं सांगतोय."

"सांग, सांग!" अंकल डोळे पुसत होते. "काय चेहरा केलाय बघा! सिनेमात काम करून शिकला!"

पुतणे हसले. पॉपनी मदतीसाठी आजूबाजूला बघितलं, माझ्याकडे, मग दाराकडे.

दारात आत्या उभी होती. हातात किसणी तशीच. ती हसत नव्हती. तिच्या कॅमेऱ्याने पॉपचा चेहरा सबंध उन्हाळा टिपला होता, आणि महिनोन् महिने तिने तो पडद्यावर पुढेमागे फिरवून पाहिला होता. नाटक कोणतं आणि खरं कोणतं, हे तिला न सांगता कळतं.

"डॅडी," ती म्हणाली. अगदी हळू आवाजात.

पॉपनी डोळे मिटून घेतले. रेकॉर्डवरचा हात सुटला आणि ती पुन्हा फिरू लागली. ब्रेक मागे गेला, उरलेलं गाणंही सरलं, आणि सुई मधल्या कोऱ्या गोलाशी जाऊन टकटक, टकटक करत राहिली. ती उचलायला कोणीच पुढे झालं नाही. अंकल क्लीओ अजून हसतच होते.